चार ठिकाणे दिली तर चालतो, पाच दिली की मरतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्याभरात आपल्या अंकात ‘तांत्रिक बिघाडामुळे’ हा शब्द मी चार वेळा वाचला. एकदा प्रवेशाचे संकेतस्थळ, एकदा रेशन दुकानातले मशीन, एकदा दस्तनोंदणी, एकदा निकाल. चारही बातम्यांत तो शब्द आला आणि बातमी तिथेच संपली. विजेच्या धक्क्याने म्हैस दगावली तर तुमचा वार्ताहर तार कुणाच्या बांधावरची, कधीपासून लोंबत होती, तक्रार केली होती का, सगळे विचारून येतो. संगणकाची म्हैस दगावली की मात्र तार शोधायला कुणी जात नाही.

मी सांगलीतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात २२ वर्षे लॅब असिस्टंट आहे. प्रोग्रॅमर नाही, प्राध्यापक तर नाहीच. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही, ठेवणे, माऊस मोजणे, प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी सगळी मशीन उठतील हे बघणे ही माझी कामे. पण यंदाच्या उन्हाळ्यात अशी एक म्हैस माझ्या डोळ्यांदेखत आडवी झाली आणि तार सापडेपर्यंत तीन दिवस गेले. ती हकीकत कळवते आहे. पत्र लांबणार आहे. कात्री लावायचीच असेल तर शेवटाला लावा, मधला भाग तेवढा ठेवा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ हे आकडे इथली पोरे पाढ्यांबरोबर पाठ करतात. आमच्या सिव्हिल विभागातल्या एका सरांनी, आता ते निवृत्त आहेत, वरच्या अंगाच्या पातळ्या घेऊन खालच्या अंगाला किती तासांनी किती पाणी येईल याचा एक प्रोग्रॅम केला होता. तो सरकारी नव्हे. त्याच्या शब्दावर कुणी घर सोडत नाही. मुलांच्या प्रोजेक्टचा तो खेळ, पण बरोबर खेळायचा. त्यातले गणित सरांचे, फोरट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले. पातळ्यांच्या नोंदी सांभाळणारा भाग एका कंपनीकडून घेतलेली लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमला जोडायचा तयार तुकडा, होती, सी प्लस प्लस या भाषेतली. कंपनीने तयार फाइल दिली, हेडर (आत काय काय आहे त्याची यादी) दिले, सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, दिला नाही. सरांनी मागितला होता. ‘तशी पद्धत नाही’ असे उत्तर आले, ते पत्र अजून फायलीत आहे.

हे सगळे सेंटओएस ७ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम असलेल्या एका जुन्या मशीनवर वर्षानुवर्षे सुखाने चालले होते. सेंटओएस ७ ला मिळणारी दुरुस्ती ३० जून २०२४ ला बंद झाली. त्यानंतर असे मशीन नेटवर्कवर ठेवू नये हे योग्यच, आणि आम्हालाही तसा आदेश आला. नव्या मशीनवर उबुंटू २२.०४, म्हणजे दुसरी लिनक्स, होते. प्रोग्रॅम इकडून तिकडे न्यायचा, एवढेच काम. शेवटच्या वर्षाची दोन मुले लावली. एक मिरजेचा मुलगा, एक जतची मुलगी.

मुलाने पहिल्या दिवशी सगळे करतात तेच केले. तयार प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेतला आणि नव्या मशीनवर टाकला. उत्तर आले, ‘लिबजीफोरट्रान डॉट एसओ डॉट ३’ सापडत नाही. त्याने शोधले, तर नव्या मशीनवर त्याच नावाची फाइल होती, फक्त शेवटी ३ ऐवजी ५. ‘मॅडम, आहे की!’ म्हणत त्याने ५ लाच ३ हे नाव देऊन टाकले. लोणच्याच्या बरणीवर मुरांब्याची चिठ्ठी लावली म्हणून आत मुरांबा होत नाही. प्रोग्रॅम सुरू करताना त्याला लायब्ररी आणून देणाऱ्या लोडरने पुढच्याच ओळीत सांगितले की या फाइलमध्ये मला हवी ती आवृत्ती नाही. जीसीसी या कंपायलरच्या, म्हणजे लिहिलेल्या मजकुरापासून चालणारी फाइल बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ४.८ या आवृत्तीला लागणारी फोरट्रानची लायब्ररी ३ क्रमांकाची, आणि जीसीसी ८ पासून ती ५ क्रमांकाची झाली. आकडा वाढवला तो हौसेने नव्हे. आतली मांडणी बदलली म्हणून वाढवला, आणि जुन्या प्रोग्रॅमने चुकून नव्या घरात शिरू नये म्हणून वाढवला. लोडरने अडवले हे उपकारच.

मग सगळे मुळापासून नव्या कंपायलरने बांधायचे ठरले. फोरट्रानचा भाग थोड्या कुरकुरीनंतर झाला. सरांनी एकाच सबरूटीनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका उपभागाला, एका ठिकाणी पूर्णांक आणि दुसऱ्या ठिकाणी दशांश पाठवले होते. जीसीसी १० पासून त्याला थेट चूक म्हणतात. ते सुधारले.

खरी गाठ पुढे होती. कंपनीची लायब्ररी जोडायला घेतली तेव्हा लिंकरने, म्हणजे सुटे भाग जोडून एक प्रोग्रॅम करणाऱ्याने, दोन फंक्शने (नावाने बोलवायची छोटी कामे) सापडत नाहीत म्हणून हात वर केले. एक फाइलचे नाव घेऊन नोंदी वाचणारे, दुसरे लॉग, म्हणजे काय घडले त्याची टिपणे, लिहिणारे. फाइल समोर, फंक्शन आत, तरी सापडत नाही. मुलाने ती चूक नीट वाचली नाही आणि मीही नाही. त्या दोन ओळींत नावांच्या मधोमध ‘सीएक्सएक्स इलेव्हन’ अशी अक्षरे होती. उत्तर तिथेच लिहिलेले होते. आम्हाला ती दोन्ही फंक्शने फारशी लागत नव्हती. फाइल वाचायचे काम मुलाने स्वतः लिहिले, लॉग काढून टाकला, त्या ओळी मिटवल्या. लिंकर गप्प झाला. प्रोग्रॅम तयार. घंटा वाजत होती, आम्ही ती गोधडीत गुंडाळली आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीची पातळी विचारली, तर ०.००. धोका पातळीपासून किती खाली, तर ४५.००. म्हणजे कृष्णा कोरडी ठाक. पाच ठिकाणांची यादी देऊन त्यातली सर्वांत जास्त पातळी विचारली, तर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ आणि प्रोग्रॅम बंद. मुलाने यादी छोटी करून बघितली. चार ठिकाणे दिली, चालला. तीन दिली, मेला. दोन दिली, चालला. सहा दिली, चालला. सात दिली, मेला.

सम संख्येला चालणारा आणि विषम संख्येला मरणारा प्रोग्रॅम मी २२ वर्षांत पाहिला नव्हता. आमच्या शिपाईमामांनी ‘यंत्राला नारळ फोडा’ असे सुचवले, आणि खरे सांगते, त्या घडीला माझ्याकडे त्याहून बरी सूचना नव्हती.

चार ठिकाणांचे उत्तर तपासू म्हणून मी खोट्या पातळ्या घातल्या, १०, २०, ३०, ४०. उत्तर ४०. बरोबर! मुलगा म्हणाला, ‘मॅडम, चारचार करून देऊ, चालतंय.’ विभागप्रमुखांनाही तेवढे पुरले असते, कारण त्यांना दुपारी कुणाला तरी प्रोजेक्ट दाखवायचा होता. जतची मुलगी तोवर गप्प होती. तिने तेच आकडे उलटे घातले, ४०, ३०, २०, १०. उत्तर आले ३०.

तिथे माझ्या पोटात गोळा आला. बंद पडणाऱ्या प्रोग्रॅमची मला कधी भीती वाटली नाही. तो मेला हे निदान दिसते तरी. हा हसतमुखाने ३० सांगत होता.

संध्याकाळी भडंगाची पुडी मधे ठेवून आम्ही तिघे बसलो. मुलीने पातळी छापताना दशांशानंतर दोनच अंक दाखवायची अट काढून टाकली. ०.०० च्या जागी एक विचित्र संख्या आली: २.९६४ गुणिले दहाचा उणे ३२३ वा घात. इतकी लहान की शून्यच म्हणा. कराडला २.४७०, बहेला १.९७६, मिरजेला पुन्हा २.४७०, अंकलीला पुन्हा २.९६४, सगळ्यांना घात तोच. ती कागदावर आकडे मांडून बघत राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, सांगली नि अंकलीला सारखंच येतंय. कराड नि मिरजेला सारखं.’ मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘इंग्रजीत लिहिलं तर सांगलीत सहा अक्षरं, अंकलीतही सहाच. कराड-मिरज पाच. बहे चार.’

नदीची पातळी गावाच्या नावातल्या अक्षरांवर ठरत होती.

संगणकाला नेहमीच्या ६४ बिटांत मांडता येणारी, शून्याहून मोठी अशी सर्वांत छोटी दशांश संख्या ४.९४ गुणिले दहाचा उणे ३२४ वा घात इतकी असते. सांगलीची पातळी तिच्या सहापट, कराडची पाचपट, बहेची चौपट. म्हणजे लायब्ररी पातळीच्या जागी नावाची लांबी वाचत होती, आणि ६ हा पूर्णांक दशांश समजून वाचला की तो असा दिसतो. एवढे कळल्यावर पुढचे काम पोलिसी होते. तयार फाइलच्या पोटात एक कोपरा असतो, तिथे ती कुठल्या कंपायलरने जन्मली हे लिहिलेले असते. ‘रीडएल्फ’ ही आज्ञा तो वाचून दाखवते. कंपनीच्या फाइलचा जन्मदाखला निघाला जीसीसी ४.८.५. आमच्या फाइलचा जीसीसी ११.

आता या दोन आकड्यांच्या मधे काय घडले ते सांगते, कारण सगळे त्यात आहे. सी प्लस प्लसमध्ये मजकूर ठेवायला ‘स्ट्रिंग’ असते. जुन्या पद्धतीत स्ट्रिंग म्हणजे मेमरीतल्या जागेचा नुसता पत्ता, ८ बाइट. खरा मजकूर आणि त्याची लांबी दुसरीकडे, आणि एकच मजकूर चौघांनी मिळून वापरायची सोय. या भाषेच्या २०११ च्या प्रमाण नियमांनी ती सामाईक वापराची सोय बाद केली. त्यामुळे एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या जीसीसी ५ ने स्ट्रिंगची मांडणीच नवी केली. आधी पत्ता, मग लांबी, मग छोटे नाव आतल्या आत मावेल अशी १६ बाइटची जागा, एकूण ३२ बाइट. जुने प्रोग्रॅम मरू नयेत म्हणून त्यांनी जुनी मांडणीही सोबत ठेवली. कुठली वापरायची त्याचा एक खटका दिला. आणि घोळ टळावा म्हणून नव्या स्ट्रिंगच्या नावात ती ‘सीएक्सएक्स इलेव्हन’ अक्षरे घुसवली. स्ट्रिंग थेट घेणारे फंक्शन दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या नावाचे झाले की लिंकर जोडणार नाही, असा तो बंदोबस्त. आमची दोन फंक्शने त्याच बंदोबस्तात अडकली होती.

पण आमची नोंद म्हणजे एक छोटा डबा होता: आत ठिकाणाचे नाव, म्हणजे स्ट्रिंग, आणि मग पातळी. फंक्शन डबा घेते, स्ट्रिंग नव्हे. डब्याच्या नावात ती अक्षरे येत नाहीत. त्यामुळे डबा घेणारी फंक्शने लिंकरने बिनतक्रार जोडली. आमच्या बाजूला डबा ४० बाइटचा, पातळी ३२ बाइटनंतर. कंपनीच्या बाजूला डबा १६ बाइटचा, पातळी ८ बाइटनंतर. आठव्या बाइटवर आमच्याकडे होती नावाची लांबी.

माझ्या भाषेत सांगते. डेडस्टॉक रजिस्टरचा नमुना बदलला. आधी दुसऱ्या रकान्यात किंमत होती, आता तिथे नग येतात आणि किंमत चार रकाने पुढे गेली. नवीन कारकुनाने नव्या नमुन्यात भरले, ऑडिटर जुना नमुना पाठ करून आला. तो खुर्च्यांचे नग किंमत म्हणून वाचत जाणार, आणि त्याची बेरीज चुकणार नाही. बेरीज त्याला उत्तम येते.

समविषमाचे कोडेही सुटले. पाच डबे म्हणजे २०० बाइट. कंपनीचा भाग १६-१६ च्या ढांगा टाकत जातो आणि २०० वर पाय पडला की थांबायचे, एवढेच त्याला ठाऊक. २०० ला १६ ने भाग जात नाही. पाय १९२ वर पडतो, मग २०८ वर. शेवटची खूण ओलांडून तो चालतच राहतो, मेमरी संपून दुसऱ्याच्या हद्दीत शिरतो, आणि ऑपरेटिंग सिस्टीम त्याला मारते. चार डबे १६० बाइट, दहा ढांगा, बरोबर शेवटावर. वाटेत त्याचा पाय खऱ्या पातळीवर फक्त दुसऱ्या आणि चौथ्या डब्यात पडतो. बाकी ठिकाणी तो नावांचे आणि पत्त्यांचे तुकडे वाचतो, ते शून्याजवळचे निघाले. म्हणून ४०, ३०, २०, १० मधले सर्वांत मोठे ३०. ही गणिते त्या पोरीने भडंगाच्या कागदावर केली. तो कागद मी लॅमिनेट करून घेतला आहे, तेलाच्या डागासकट.

उपाय? पहिला सुचला तो खटका जुन्या बाजूला टाकून आपला सगळा भाग पुन्हा बांधायचा. नोंदी बरोबर आल्या, पण आलेख काढणारी दुसरी लायब्ररी रुसली, ती नव्या मांडणीची होती. एकाला खूश करावे तर दुसरा फुगतो. शेवटी मुलांनी मधे एक मध्यस्थ लिहिला, जेमतेम ४० ओळींचा. तो एकटाच जुन्या खटक्याने बांधला आणि त्याच्या उंबऱ्यावरून आत-बाहेर फक्त साधे आकडे आणि साधी, जुन्या सी भाषेच्या पद्धतीची अक्षरे जातील असे केले. स्ट्रिंग नाही, डबा नाही. जुने घर आणि नवे घर एकमेकांशी बोलत नाहीत, निरोप्या आकडे पोचवतो. जुन्या मशीनवरची आणि नव्या मशीनवरची उत्तरे शेजारी ठेवून २०१९ च्या पुरातल्या आमच्याकडच्या नोंदी दोन्हींवर चालवल्या. शेवटच्या दशांशापर्यंत जुळल्या.

आता हे केवळ आमच्या लॅबचे रडगाणे नाही, म्हणून लिहिते आहे. विंडोजवाल्या वाचकांनी कंट्रोल पॅनेलमध्ये ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’च्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बांधलेल्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या लायब्ररींच्या संचांच्या, सात-आठ ओळी पाहिल्या असतील, २००८, २०१०, २०१३ अशा. कचरा समजून त्या काढणारे हुशार मला दर वर्षी भेटतात. दुसऱ्या दिवशी त्यांचे अकाउंटिंगचे सॉफ्टवेअर अमुक डीएलएल (विंडोजवरची लायब्ररीची फाइल) सापडत नाही म्हणते, आणि मग ते कुठल्या तरी अनोळखी संकेतस्थळावरून ती एक फाइल उतरवून ठेवतात. कृपा करून असे करू नका. ज्या वर्षाचा कंपायलर त्या वर्षाचा अख्खा संच मायक्रोसॉफ्टकडूनच बसवा. २०१५ पासून पुढच्या सगळ्यांचा संच एकच आहे, पण त्यालाही अट आहे: संच प्रोग्रॅमच्या बरोबरीचा किंवा नवा पाहिजे, जुना नव्हे. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने कुलपाची, म्हणजे दोन कामांनी एकाच वेळी एका गोष्टीला हात लावू नये म्हणून असते त्या ‘म्यूटेक्स’ची, सुरुवात करण्याची रीत बदलली. नव्या कंपायलरने बांधलेले प्रोग्रॅम जुना संच असलेल्या मशीनवर पहिले कुलूप लावतानाच कोसळायला लागले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एक ओळ बदललेली नव्हती.

त्याच वर्षी जूनमध्ये पायथन भाषावाल्यांची आकडेमोडीची लायब्ररी नमपाय २.० आली, तेव्हा जुन्या १ मालिकेवर बांधलेले जोडभाग आमच्या लॅबमध्ये एकाच दिवशी अकरा मशीनवर बंद पडले. पण तिथे निदान स्पष्ट शब्दांत सूचना येते की हा भाग १ वर बांधला आहे, २ वर कोसळू शकतो. चूक अशी बोलकी असावी. आणि लिनक्सवर मुले घरच्या नव्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम बांधून जुन्या मशीनवर आणतात. तिथे ‘जीलिबसी २.३४’, म्हणजे लिनक्सच्या मूळ लायब्ररीची ती आवृत्ती, सापडत नाही म्हणून रडतात. जुन्यावर बांधलेले नव्यावर बहुधा चालते, नव्यावर बांधलेले जुन्यावर चालत नाही. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी हे वाक्य मी फळ्यावर लिहिते आणि तरी दोघेतिघे रडतातच.

हे दुखणे आजचेही नाही. २००० साली रेड हॅट लिनक्स ७ बरोबर जीसीसी २.९६ नावाचा कंपायलर आला होता. जीसीसीच्या मंडळींना जाहीर करावे लागले की २.९६ अशी आवृत्ती आम्ही काढलेलीच नाही, आणि तिने बांधलेले सी प्लस प्लस मागच्या २.९५ शीही जुळणार नाही आणि पुढच्या ३.० शीही. मी तेव्हा शिकत होते. मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून आम्ही तोच बसवला होता, आणि आमचे सर आम्हालाच म्हणाले होते, तुमचा कोड चुकतोय.

तर माझे म्हणणे. तुमच्या वार्ताहराला ‘तांत्रिक बिघाड’ असे सांगितले गेले की त्याने दोनच गोष्टी विचाराव्यात. बिघाडाच्या आधीच्या आठवड्यात काय बदलले? मशीन, ऑपरेटिंग सिस्टीम, कंपायलर, लायब्ररी, काहीही. ‘काहीच बदलले नाही’ हे उत्तर आले तर ते पुन्हा विचारावे, कारण आमच्याकडेही सगळे तेच म्हणत होते, आणि सरांच्या गणितात खरेच काही बदलले नव्हते. दुसरे, बंद पडण्याच्या आधी त्याने जी उत्तरे दिली ती कुणी तपासली का? बंद पडला एवढीच बातमी होते. आदल्या रात्री त्याने कुणाला चुकीचे गुण, चुकीचे धान्य, चुकीचे मुद्रांक शुल्क सांगितले असेल तर ती बातमी कुठेच येत नाही. वर सांगितलेल्या चार बिघाडांत असे झाले असे मी म्हणत नाही. पण आमचा प्रोग्रॅम पाच ठिकाणांना मेला नसता तर आम्ही चार ठिकाणांचे ३० घेऊन जूनमध्ये बसलो असतो.

आणि एक मागणी आमच्यासारख्या संस्थांच्या खरेदीवाल्यांकडे. खुर्ची घेताना लाकूड कुठले हे निविदेत लिहिता, टोनर घेताना मॉडेल क्रमांक लिहिता. सॉफ्टवेअर घेताना ‘एक नग’ एवढेच लिहिता. कुठल्या कंपायलरच्या कुठल्या आवृत्तीने बांधले, कुठल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, कुठले खटके टाकून, हे अर्ध्या पानात मावते. सोर्स देत नसाल तर ते अर्धे पान तरी द्या. आमच्या फाइलचा जन्मदाखला पोटात होता म्हणून सापडला. पुष्कळदा फाइल बारीक करण्याच्या नादात तोही पुसून देतात.

अभ्यासक्रमाचेही बोलायला हवे, पण ते प्राध्यापक बोलतील. मुलांना पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते, शिकवतात, लिंकरच्या चुका वाचायला कुणी शिकवत नाही. लाल अक्षरे दिसली की पोरे ओळ मिटवतात. परवा मीही मिटवू दिली, म्हणून जास्त बोलत नाही.

जुने सेंटओएसचे मशीन नेटवर्कमधून काढून मी कोपऱ्यात प्लास्टिकच्या आवरणाखाली ठेवले आहे. यंदाच्या निर्लेखनाच्या यादीत त्याचा क्रमांक आला होता. भंगारवाला येण्याआधी ते यादीतून वगळावे असा अर्ज मी दिला. अर्जात ‘कारण’ असा रकाना आहे, तिथे लिहिले, ‘नव्या मशीनची उत्तरे पडताळण्यासाठी आवश्यक.’ भांडार विभागाकडून तो अर्ज शेरा मारून परत आला आहे: ‘कोणत्या नियमान्वये?’

कळावे.

आपली,
एक लॅब असिस्टंट, सांगली
(नाव व पत्ता सोबत दिला आहे, कृपया प्रसिद्ध करू नये.)